मामांचा नंबर

लॉटरी लागल्यावर ज्याचं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, असा माणूस सबंध रायगड जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा मामेसासरा आहे. हे मी अभिमानाने सांगतो आहे की तक्रारीच्या सुरात, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. मुक्काम नाते, वय साठीच्या अलीकडे की पलीकडे ते विचारणाऱ्यावर अवलंबून, आणि धंदा वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवण्याचा. 'धंदा' हा शब्द मात्र मी इथे, त्यांच्या माघारीच वापरतो आहे. त्यांच्यासमोर एकदा वापरला तेव्हा ते म्हणाले, "धंदा वाण्याचा असतो, जावईबुवा. आपण माणसं पोचवतो."

आता माणूस पोचवायचा म्हणजे तो कोण, कुणाचा, कुणाकडे चालला आणि का चालला, एवढं तरी ठाऊक नको का? मामांना ते ठाऊक लागतंच. दासगाव येईस्तोवर तुमचं घराणं आणि महाड येईस्तोवर तुमचं दुखणं, असा त्यांचा हिशेब. मी पनवेलचा. मुलगी बघायला म्हणून आईबरोबर पहिल्यांदा वीरला उतरलो आणि जी पहिली रिक्षा दिसली तीत बसलो. रिक्षावाल्याने आईला दोन प्रश्न विचारले आणि माझी आई, जी शेजारणीला भाजीचा भावसुद्धा नीट सांगत नाही, ती घडाघडा बोलायला लागली. मी बारावीला एकदा गटांगळी खाल्ली होती, मी घोरतो, मला कारलं चालत नाही, सगळं. महाडला मुलीच्या दारात रिक्षा थांबली. आम्ही उतरून चपला काढतोय तोवर रिक्षावाला आमच्या आधी पाय धुऊन आत जाऊन बसला होता आणि घरच्यांना सांगत होता, "मुलगा बरा हाय. बारावीला एकदा आपटला, पण आईला उतरताना हात दिला. कारलं करू नका." मग आमच्याकडे वळून हसले, "मी मुलीचा मामा," म्हणाले, आणि हात पुढे केला. मी भारावून तो हातात घेतला. तो त्यांनी सोडवून घेतला. "नातं जुळंल तेव्हा जुळंल, जावईबुवा. भाडं आजचं हाय."

मामांच्या रिक्षाला हॉर्न नव्हता. कंपनीने दिला होता, पण मामांनी तो काढून घरी फडताळात ठेवला होता, आणि वर्षातून एकदा गाडीच्या तपासणीच्या दिवशी कुंकवाचं बोट लावून परत बसवायचे. हॉर्न म्हणजे शिवी, असं त्यांचं मत. माणसाला पाठीमागून शिवी घालण्यापेक्षा नाव घेऊन सांगावं. त्यामुळे वीर ते महाड मामांची मान निम्मा वेळ रिक्षाच्या बाहेर. "गो पारू, बाजूला हो गो!" "अरे बाळ्या, म्हस आवर ती!" म्हशीसुद्धा त्यांना नावाने ठाऊक होत्या आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, नाव घेतल्यावर त्या सरकायच्या. अडचण व्हायची ती हायवेवरच्या अनोळखी गाड्यांची. तिथे मामा नंबरपाटी वाचून ओरडायचे, "ओ ठाणेकर, सरका जरा!" आणि ठाणेकर इतका गांगरायचा की खरंच सरकायचा.

एकदा महाडातल्या एका घरची सून हातात बॅग घेऊन, डोळे लाल करून रिक्षात बसली आणि म्हणाली, "वीर." मामांनी आरशात पाहिलं आणि ओळखलं की ही बाई रागाने माहेरी निघाली. महाडहून वीर उत्तरेला, नाते रायगडाच्या वाटेवर. मामांनी रिक्षा काढली ती थेट आपल्या घरी, नात्याला. तिथे मामींनी तिला चहा दिला, पोहे दिले, सासूबद्दल जे जे बोलायचं होतं ते सगळं बोलू दिलं आणि आपल्या दिवंगत सासूबद्दल स्वतःचीही थोडी भर घातली. दोन तास गेले. मामा विजयी मुद्रेने आत आले आणि म्हणाले, "गो मुली, गाडी तर गेली. आता घरला सोडू?" ती रुमालाने तोंड पुसत म्हणाली, "गेली ती जाऊ दे मामा, माझी गाडी संध्याकाळची हाय. मी लवकर निघाले होते." मग मामांनी तिला मुकाट वीरला पोचवलं. चार दिवसांनी तिला परत आणायलाही तेच गेले, आणि त्या घरची सासू आजतागायत मामांना बघितलं की तोंड फिरवते.

असा हा माणूस. याला लॉटरी लागली.

लागली तीही कशी, तर महाडच्या एसटी स्टँडवर लॉटरीची तिकिटं विकणारे एक गृहस्थ एकदा मामांच्या रिक्षाने वीरला गेले आणि उतरल्यावर खिसे चाचपून म्हणाले, "मामा, पाकीट घरी राहिलं. हे तिकीट ठेवा, बंपरचं हाय." मामांनी ते घेतलं, पण पुढचे आठ दिवस रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "कागद दिला मला, कागद!" तिकिटाचा उपयोग मात्र त्यांनी लगेच शोधला. रिक्षाचा बाजूचा आरसा खडखडायचा. तिकिटाच्या आठ घड्या घालून त्यांनी ते आरशाच्या खोबणीत पाचरीसारखं ठोकून बसवलं. आरसा गप्प झाला.

नवव्या दिवशी ते गृहस्थ वीरच्या स्टँडवर धापा टाकत आले. "मामा, तिकीट कुठाय?"

"भाडं आणलंस?"

"भाड्याचं सोडा! तिकीट कुठाय?"

मामांनी आरशाकडे बोट केलं. गृहस्थ काढायला गेले तर मामांनी त्यांचा हात धरला. "काढू नको. खडखडंल." शेवटी स्टँडवरच्या चारपाच जणांनी मामांना धरून ठेवलं आणि त्या गृहस्थांनी आठ घड्या उलगडल्या, आकडा दोनदा वाचला आणि ते रस्त्यावरच फतकल मारून बसले. मामांनी तेवढ्यात बिडीबंडलाचा कागद दुमडून आरशात कोंबला, आरसा हलवून पाहिला, आणि मग विचारलं, "किती?" गृहस्थांनी आकडा सांगितला. मामा म्हणाले, "मग तुझं भाडं फिटलं."

तेवढ्यात गाडी आली. स्टँडवर रिक्षांची रांग असते आणि रांगेत मामांचा पहिला नंबर होता. एकाला आजारी भाऊ बघायला महाडला जायचं होतं. मामा त्याला घेऊन निघून गेले. त्या दिवशी त्यांनी चार फेऱ्या मारल्या, संध्याकाळी घरी आले, जेवले आणि ताटावरून उठताना मामींना म्हणाले, "लॉटरी लागलीय." मामी म्हणाल्या, "आधी हात धुवा."

रकमेचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण मामींनी मला शपथ घातली आहे. तशी ती लिहून उपयोगही नाही, कारण ती रोज बदलत होती. वीरला ती होती तेवढीच होती. दासगावला दुप्पट झाली. महाडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पैशाचे खोके पाहिले होते. बातमी पोलादपूरला पोचेपर्यंत मामांनी हेलिकॉप्टरची ऑर्डर दिली होती आणि ते नात्याच्या शाळेच्या मैदानात उतरणार की नदीकाठी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. प्रत्यक्षात कर कापून जे हातात आलं त्यातून घराचं छप्पर नवं झालं, मामींच्या हातात दोन पाटल्या आल्या, डोंबिवलीला भाड्याने राहणाऱ्या मुलाला स्वतःच्या दोन खोल्या झाल्या, आणि उरलेले बँकेत गेले. उरलेलेही पुष्कळ होते. दोघांनी आता आयुष्यभर ओटीवर बसून भात खाल्ला असता तरी ते संपले नसते.

आणि बसावं, असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. मुलगा तर डोंबिवलीहून धावत आला. "बाबा, अब बस. फुल आराम करायचा. लोक काय बोलतील? इज्जतीचा सवाल हाय," तो म्हणाला. मामा म्हणाले, "काल रिक्षा चालवत होतो तेव्हा इज्जत नव्हती काय?" मग मामींनी मला बोलावणं धाडलं. मी आता महाडच्या शाळेत मास्तर, म्हणजे समजावून सांगणं हे माझं काम, असा त्यांचा समज. मी गेलो. शरीराला विश्रांती कशी लागते, कष्टाची किंमत काय, उतारवय म्हणजे काय, यावर मी चांगलं पाऊण तास बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला लागली तर शाळा सोडाल, जावईबुवा?"

"लगेच!" मी म्हणालो. माझ्या तोंडून ते इतक्या जोरात निघालं की मामी दचकल्या.

मामांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. "मग आत्ताच सोडा की. पोरांचं भलं होईल."

तरीपण मामींच्या शब्दाखातर मामा बसले. बारा दिवस बसले. त्या बारा दिवसांची आठवण नाते गावात अजून काढली जाते. मामांसाठी वेताची आरामखुर्ची आणली गेली आणि ओटीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवली गेली. मामा तीत बसले आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "कुठं?" दळणाला जाणाऱ्या बाईला कुठं, शेतावर निघालेल्या गड्याला कुठं, परसाकडे जाणाऱ्यालाही कुठं. चौथ्या दिवसापासून लोक मागच्या आळीने जायला लागले. रस्ता ओस पडल्यावर मामा स्वयंपाकघरात आले. मामी चुलीवरून गॅसकडे आणि गॅसवरून पाण्याच्या हंड्याकडे जाताना त्यांच्या वाटेत उभे राहून "जरा डाव्या अंगानं घे... येऊ दे, येऊ दे... बस!" अशा सूचना देऊ लागले. आठव्या दिवशी मामींनी भांडं आपटलं. नवव्या दिवशी त्या मला फोनवर म्हणाल्या, "तुमी त्यांना बसायला सांगितलंत, आता तुमीच घेऊन जा."

दहाव्या दिवशी मामा 'जरा महाडला जाऊन येतो' म्हणून निघाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या रिक्षात मागे बसले. रिक्षा सुभाषची. सुभाष हा वीरच्याच स्टँडवरचा, तिशीतला, मामांनीच हाताखाली घेऊन तयार केलेला. नात्याची वेस ओलांडेपर्यंत मामांनी तोंड आवरलं. मग "दुसरा टाक", मग "क्लच सोड, क्लच", मग "अरे समोर गंगीची म्हस हाय, नाव घे तिचं!" सुभाषने तीन किलोमीटर सोसलं, मग रिक्षा कडेला घेतली, हात जोडले आणि म्हणाला, "मामा, तुमीच चालवा." मामा पुढे, सुभाष मागे, असे ते महाडला पोचले. चवदार तळ्याच्या कोपऱ्यावर मामा उतरले आणि त्यांनी सुभाषला पुरतं भाडं दिलं. रिक्षा स्वतः चालवून वर भाडं देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या दिवशी मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तोही मी कुठल्या लग्नात पाहिलेला नाही.

तेराव्या दिवशी पहाटेच्या गाडीला मामा वीरच्या स्टँडवर हजर झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी नारळ फोडला. मामांना वाटलं, झालं, आता सगळं पूर्ववत.

पण नाही. पहिल्या दिवसापासून लोकांनी भाडं द्यायचंच बंद केलं. "मामा, तुम्हाला काय कमी?" असं हसत हसत म्हणून उतरून चालू लागायचे. मामा रिक्षा वळवून त्यांच्या मागे. महाडच्या भर बाजारात एक लखपती माणूस एका मुकादमामागे धावतोय आणि ओरडतोय, "माझं भाडं दे! मला भिकेला लावतोस काय?" हे दृश्य मी शाळेच्या खिडकीतून स्वतः पाहिलं. मी त्यांना म्हणालो, "मामा, जाऊ द्या ना, तुम्हाला खरंच गरज नाही." ते संतापले. "गरज नाय म्हणून फुकट? भाडं दिलं तर मी रिक्षावाला. नाय दिलं तर मी कोण? उगाच लोकांना फिरवत बसणारा म्हातारा!"

दुसरी गोष्ट याहून वाईट झाली. मामांची रिक्षा लक्ष्मीची रिक्षा ठरली. गाडीतून उतरणारा माणूस रांगेतल्या बाकीच्या रिक्षांकडे बघेनासा झाला. मामांचा नंबर शेवटचा असला तरी लोक थांबून राहायचे. कुणी सीटला हात लावून कपाळाला लावी. कुणी खिशातून लॉटरीचं कोरं तिकीट काढून त्या आरशावर घासे. एका बाईने नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या आपल्या भावाला रिक्षाभोवती तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या. मामांना आधी गंमत वाटली. खरं सांगायचं तर जरा चढलीच. त्यांनी रिक्षाला झेंडूची माळ घातली, आणि प्रत्येक उतारूला आरशाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले. त्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. मामी म्हणायच्या, "आता तर जेवायला पण येत नाय."

बाकीचे आठ रिक्षावाले रांगेत बसून राहू लागले, हे मात्र मामांच्या ध्यानात आलं नाही. ज्यांना माणसाच्या चालण्यावरून त्याच्या घरचं भांडण कळायचं, त्या मामांच्या ध्यानात आलं नाही.

एका दुपारी गाडी येऊन गेली आणि मामांनी नेहमीप्रमाणे तिघांना रिक्षात घेतलं. तेव्हा सुभाष पुढे आला. मी त्या दिवशी पनवेलहून परतत होतो, तिघांतला एक मीच होतो, म्हणून हे सगळं मी पाहिलं. सुभाष आवाज चढवून बोलला नाही. रिक्षाच्या दांडीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, रागावू नका. सकाळधरून मला एक सीट नाय. काल दोन होत्या."

मामा म्हणाले, "मग बोलायचं नाय काय?"

"काय बोलू? तुमीच शिकवलंत मला." तो खाली बघत होता. "तुमचा नंबर लागला, मामा. आता आमचा लागू द्या."

मामांनी किल्ली फिरवली होती, ती उलटी फिरवून इंजिन बंद केलं. आम्हा तिघांना म्हणाले, "उतरा. याच्यात बसा." आम्ही सुभाषच्या रिक्षात बसलो. निघताना मी मागे वळून पाहिलं, तर मामा माळेतली झेंडूची फुलं एकेक करून तोडत उभे होते.

त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. आरामखुर्चीत बसले, पण 'कुठं' म्हणून कुणाला विचारलं नाही. गावातले लोक काळजीने परत पुढच्या रस्त्याने यायला लागले, मुद्दाम खाकरून जाऊ लागले, तरी नाही. मी गेलो तेव्हा मामी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मामा अचानक म्हणाले, "गो, मी त्याच्या तोंडचा घास घेत होतो आणि वर गोष्टी सांगत होतो."

मामी सुपातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "घेत होतात. आता काय करायचं ते बोला."

"बसतो आता."

"बसू नका!" मामी इतक्या घाईने बोलल्या की सुपातले तांदूळ सांडले. मग जरा सावरून म्हणाल्या, "गाड्या काय एकट्या वीरच्याच रस्त्यावर फिरतात? माझ्या माहेरी कोण जातो? तिथं वर कुठली रिक्षा येते?"

मामींचं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. तिथे तीनचार वाड्या आहेत. म्हशी, बकऱ्या राखणारी आणि उतारावर नाचणी-वरी करणारी माणसं. वरपर्यंत रस्ता झालाय खरा, पण तो पाहिला की 'झालाय' या शब्दावरचा विश्वास उडतो. पोलादपूरचा एकही गाडीवाला तिकडे फिरकत नव्हता. टायरचा खर्चच निघत नाही, असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. दवाखान्यात यायचं तर म्हातारी माणसं दीड तास डोंगर उतरून येत आणि बरी झाली की अडीच तास चढून परत आजारी पडत.

मामा खुर्चीतून उठले. आठवड्यात त्यांनी जुनी काळीपिवळी जीप घेतली, परवाना काढला. स्टँडवरचा आपला नंबर सोडला आणि रिक्षा परसात उभी केली. तिच्या मागच्या सीटवर मामींची कोंबडी अंडी घालू लागली. मामा म्हणाले, "चला, सीट रिकामी नाय." मुलाने डोंबिवलीहून फोन करून कपाळ बडवून घेतल्याचं कळवलं. रोज सकाळी नात्याहून पोलादपूर, तिथून वर डोंगरावर, दोन फेऱ्या. पैसा सुटायचा तर प्रश्नच नव्हता. लॉटरीतलेच थोडे थोडे डिझेलमध्ये जायला लागले. पण भाडं मात्र मामा एक रुपयाही न सोडता घ्यायचे. दर त्यांनी स्वतः ठरवले होते. माणसाला पूर्ण, बकरीला अर्धं, बोकडाला पुन्हा पूर्ण, कारण बोकड वास मारतो. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने अंडी, तूप, करवंदं काहीही द्यावं, पण द्यावं. एका म्हाताऱ्याने दोन वेळा भाडं म्हणून नुसता आशीर्वाद दिला. तिसऱ्या वेळी मामांनी त्याला सांगितलं, "आजोबा, आशीर्वाद आता पुरे झाले. लसूण आणा."

वरच्या वाडीत लॉटरीची बातमी पोचलीच नव्हती, आणि पोचल्यावरही कुणाला तिचं काही वाटलं नाही. मी एकदा बरोबर गेलो होतो तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने मला विचारलं, "मास्तर, याला ती लाटरी लागली म्हणतात. म्हंजे काय रे?"

मी म्हणालो, "आजी, लॉटरी म्हणजे काम न करता पैसे मिळतात. मग आयुष्यभर काम करावं लागत नाही."

आजींनी खड्ड्यातून जीप काढणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या मामांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मग लागली नाय याला. कुणी तरी फसवला."

मामा इतके हसले की जीप पुढच्या खड्ड्यात गेली.

याला आता चार वर्षं होत आली. या गणपतीनंतर शाळेला सुटी होती म्हणून मी परत एकदा मामांबरोबर वर गेलो. मामा जरा वाळलेत. उतरताना गुडघ्यावर हात ठेवतात. रस्त्यात घरं दाखवत होते. हे कुलूप मुंबईला गेलं, ते सुरतेला. या घरची म्हातारी गेली, तिचा मुलगा म्हशी विकून खाली आला. पूर्वी सकाळच्या फेरीला सीटवरून भांडणं व्हायची, बकऱ्या टपावर बसवाव्या लागायच्या. आता कधी तिघं, कधी दोघं. मी विचारलं, "मामा, मग रोज कशाला येता? आठवड्यातून दोनदा आलात तरी..."

"रोज येतो म्हणून तर गाडी हाय," मामा म्हणाले. "दोनदा आलो तर तो पाव्हणा."

रस्ता संपतो तिथे एक आंब्याचं झाड आहे. त्याखाली जीप उभी करून आम्ही थांबलो. डोंगरउतारावर तेरडा फुलला होता, दरीत ढग उतरले होते. कुणी आलं नाही. अर्धा तास झाला. मी घड्याळ पाहिलं, मामांनी नाही. मग पायवाटेने काठी टेकत एक म्हातारी येताना दिसली. फार हळू येत होती. मामांनी उठून जीपचं मागचं दार उघडलं, सीटवर फडकं मारलं. म्हातारी जवळ आली, धाप टाकत दाराला टेकली आणि म्हणाली, "आज नाय यायची मी, दादा. बरं वाटतंय आज. तू वाट बघशील म्हणून सांगायला आले."

मी हिशेब केला. तिचं घर तिथून पाऊण तासाच्या वाटेवर, आणि परत तेवढंच.

"बरं केलंस, सांगितलंस," मामा म्हणाले. मग दोघं झाडाखाली बसली. म्हशीचं, पावसाचं, तिच्या गुडघ्याचं आणि मामांच्या गुडघ्याचं बोलणं झालं. तिने पदराच्या गाठीतून सुपारीचं खांड काढून त्यांना दिलं. मामा तिला सोडायला पायवाटेच्या पहिल्या वळणापर्यंत गेले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

आम्ही रिकामी जीप घेऊन खाली निघालो. मामा फार सांभाळून चालवत होते, प्रत्येक खड्ड्यापाशी वेग कमी करत, मागे वळून बघत, मागे म्हातारी माणसं बसलेली असल्यासारखे.